लाकडाच्या भट्टीसाठी मातीची भांडी: माती निवडण्यापासून भट्टी उघडण्यापर्यंत

लाकडाच्या भट्टीत सगळीकडे सारखा ताव कधीच मिळत नाही. जळणाच्या तोंडाशी ९५० अंश सेल्सिअस झालेले असतात, तेव्हा वरच्या थराला जेमतेम ८५० मिळतात. जाळ थेट भांड्याला चाटतो, एक झोळ (एका वेळी टाकलेलं जळण) जास्त पडली की दहा मिनिटांत ताव उसळतो आणि वारा फिरला की खाली बसतो. विजेच्या भट्टीत खपून जाणारं भांडं इथं तडकतं ते यामुळंच. म्हणून माती, जाडी, वरचं लिंपण आणि भट्टीतली जागा हे सगळं या जाळाचा विचार करून ठरवावं लागतं. भट्टीतून फुटकं निघालेल्या बहुतेक भांड्यांचा दोष काडी ओढायच्या आधीच ठरून गेलेला असतो.

खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात लहान भट्टी घालू पाहणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. माती या भागात मुबलक आहे. खानापूरची तांबडी माती कौलं-विटांसाठी पूर्वीपासून नावाजलेली आहे आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्था खानापुरातच आहे.

माती कुठली घ्यावी

खानापूर तालुक्यात आणि पश्चिमेकडं तांबडी, लोहयुक्त माती मिळते. ती कमी आटते, पक्की भाजते, पण एकटी वापरली तर चाकावर थोडी तुटक वाटते. पूर्वेकडं हुक्केरी, चिकोडी, अथणीच्या बाजूला काळी माती आहे. ती भरपूर चिकट असते, पण भिजली की फुगते आणि सुकताना एवढी आटते की उन्हाळ्यात रानाला पडतात तशाच भेगा भांड्याला पडतात. शिवाय काळ्या रानात चुनखडी असते. म्हणून काळी माती किंवा तळ्याचा गाळ मिसळणीपुरताच घ्यावा; मुख्य माती तांबडीच ठेवावी. कृष्णाकाठच्या पाणथळ, क्षारपड शिवारातली माती घेऊच नये. त्यातला क्षार सुकताना पृष्ठभागावर येतो आणि भाजल्यावर पांढरी बुरशी धरल्यासारखा कायमचा दिसतो.

गाळ काढायचा तो मार्च ते मे या काळात, तळं आटल्यावर. ग्रामपंचायतीची परवानगी आधी घ्यावी. वरची वीतभर माती बाजूला सारून खालची घ्यावी. वरच्या थरात मुळं, शंख-शिंपले आणि शेतातून वाहून आलेलं खत असतं. यातले शंख-शिंपले म्हणजे चुनाच.

गाडीभर माती आणण्याआधी पुढच्या तीन चाचण्या कराव्यात. ओल्या मातीची करंगळीएवढी वळी करून ती बोटाभोवती गुंडाळावी. बाहेरच्या अंगाला बारीक चिरा पडल्या तरी चालतील, तुटली तर चिकणाई कमी आहे. दुसरी चाचणी आटण्याची. १२ सेंटीमीटर लांब, ३ रुंद आणि १ जाड अशी पट्टी करून तिच्यावर सुरीने बरोबर १०० मिलिमीटर अंतरावर दोन खुणा कराव्यात. सावलीत पूर्ण वाळल्यावर ते अंतर ९२ ते ९५ मिलिमीटर राहिलं तर माती बरी. ९२ च्या खाली गेलं तर वाळू किंवा खापराचा चुरा वाढवावा. हीच पट्टी पुढं भट्टीतून काढून पुन्हा मोजावी, म्हणजे घागरीचं माप आधीच किती मोठं धरायचं ते कळतं.

तिसरी चाचणी चुन्याची, आणि ती टाळणाऱ्यांचं नुकसान सर्वांत जास्त होतं. सुक्या मातीवर फरशी धुण्याच्या ॲसिडचे दोन-चार थेंब टाकावेत. हातमोजे घालून, उघड्यावर. फसफसून बुडबुडे आले की चुना आहे. चुनखडीचा खडा साधारण ८०० अंशांच्या वर भाजला की त्याचा कळीचा चुना होतो. भांडं भट्टीतून चांगलं निघतं, विकलंही जातं, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवेतला ओलावा शोषून तो खडा फुगतो आणि नाण्याएवढा टवका उडवतो. टवक्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतोच. अशी माती सोडून द्यावी हे उत्तम. दुसरी मिळतच नसेल तर निदान ६० नंबरच्या (इंचाला ६० छिद्रं असलेल्या) जाळीतून गाळून घ्यावी. चुन्याचे कण पिठाएवढे बारीक झाले की त्यांचा जोर उरत नाही.

मिसळण

खालची मापं सुक्या, कुटलेल्या मातीची, एकाच बुट्टीनं मोजायची आहेत. ही सुरुवातीची मापं समजावीत; आटण्याची पट्टी सांगेल तशी ती बदलायची.

पणत्या, सुगडं, कुंड्या यांसाठी तांबडी माती ४ बुट्ट्या, तळ्याचा गाळ १ आणि बारीक चाळलेली वाळू १ पुरते. पाण्याच्या माठासाठी याच मिसळणीत अर्धी बुट्टी बारीक चाळलेला लाकडाचा भुसा किंवा वाळवून चुरलेली घोड्याची लीद घालावी. ती भट्टीत जळून जाते आणि मागं बारीक छिद्रं राहतात. माठ पाझरतो आणि पाणी गार होतं ते त्यांच्यामुळं. भुसा यापेक्षा वाढवला तर माठ ठिसूळ होतो आणि पाणी थेंब-थेंब गळायला लागतं.

स्वयंपाकाच्या भांड्यांची मिसळण वेगळी. तांबडी माती ३, गाळ १ आणि खापराचा चुरा दीड बुट्टी. इथं वाळूऐवजी खापराचाच चुरा घेण्याला कारण आहे. वाळूतली गारगोटी तापल्यावर मातीपेक्षा बरीच जास्त फुगते. रोज चुलीवर चढणाऱ्या-उतरणाऱ्या भांड्यात ही ओढाताण रोज होते आणि तळाला केसासारखी चीर पडते. खापर मात्र भाजलेली मातीच असल्यामुळं भांड्याबरोबरच फुगतं, भांड्याबरोबरच आकसतं. फुटकी मडकी, तुटकी कौलं कुटून ज्वारीच्या दाण्यापेक्षा मोठे कण चाळून टाकावेत आणि अगदी पिठूळ भागही काढावा. चुना उडालेली खापरं या कामी वापरू नयेत. चुरा करताना नाकावर ओलं फडकं नव्हे, चांगला मास्क लावावा. मातीची आणि गारगोटीची धूळ फुप्फुसात साठून राहते. कारखान्याची जमीनही झाडूनं न झाडता ओल्या फडक्यानं पुसावी.

भिजवणं आणि मळणं

माती पूर्ण सुकवून, सुपारीएवढी फोडून मगच पाण्यात टाकावी. हे उलटं वाटेल, पण ओलसर ढेकूळ पाण्यात तसंच पडून राहतं आणि खडखडीत सुकलेलं अर्ध्या तासात स्वतःच विरघळतं. दोन-तीन दिवसांनी ढवळून स्वयंपाकाच्या भांड्यांसाठी ४० नंबरच्या आणि बारीक कामासाठी ८० नंबरच्या जाळीतून गाळावं. वाळू, चुरा, भुसा गाळल्यावर मिसळावा. निवळलेलं वरचं पाणी काढून रबडी कौलांवर किंवा तरटावर पसरावी. हाताला चिकटेनाशी झाली की गोळा करून प्लास्टिकमध्ये गुंडाळून किमान पंधरा दिवस मुरवावी. महिनाभर मुरली तर चाकावरचा फरक लगेच जाणवतो.

वापरायच्या दिवशी आधी पायानं तुडवावी, मग भाकरीचं पीठ मळतात तशी हाताच्या तळव्यानं जोर देऊन मळावी. गोळा तारेनं मधोमध कापून पाहावा. कापलेल्या जागी पोकळ्या, खडे किंवा दोन रंगांचे पट्टे दिसत असतील तर अजून मळावी. मातीत राहिलेल्या हवेमुळं भांडं फुटतं असं सर्रास सांगितलं जातं. भांडं फुटतं ते पाण्याच्या वाफेनं. हवेच्या पोकळीनं भिंत कमजोर होते आणि तिथं ओल साठून राहते, एवढाच तिचा दोष.

घडवताना जाडीचं गणित

चाकावरचा हात वाचून येत नाही, तो गुरूसमोर बसूनच येतो. इथं फक्त जाळाच्या दृष्टीनं महत्त्वाचं तेवढं सांगतो.

लहान भांड्याची भिंत ५ ते ६ मिलिमीटर, माठ-घागरीची ६ ते ८ आणि मोठ्या कुंडीची १० ते १२ ठेवावी. नेमकी जाडी किती यापेक्षा ती सगळीकडं सारखी असणं जास्त मोलाचं. तळ १५ आणि भिंत ५ अशी भांडी भट्टीत हमखास तळाच्या कडेनं गोल चिरतात, कारण पातळ भाग आधी तापतो, आधी फुगतो. नवशिक्याचं पहिलं भांडं मधोमध उभं कापून आतली जाडी बघावी. पाच भांडी कापली की हाताला अंदाज येतो.

तळ घालताना बोटांनी मध्यापासून कडेकडं आणि पुन्हा मध्याकडं दाबून घट्ट करावा, आतलं पाणी फडक्यानं टिपून काढावं. हे केलं नाही तर सुकताना तळाला नागमोडी चीर पडते. ती वरून बुजवता येत नाही. बुजवलेली चीर भट्टीत पुन्हा उघडते.

माठ आणि स्वयंपाकाच्या भांड्यांचा तळ गोलच हवा. चाकावर जाड बुडाचं भांडं काढायचं, अर्धवट सुकलं की आतून दगडी गुंडा धरून बाहेरून लाकडी थापीनं ठोकत बूड गोलाकार आणि पातळ करायचं, ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे. ठोकल्यानं मातीचे कण दाबले जातात, भिंत एकसारखी होते आणि कोपरा राहत नाही. ताव बदलताना सगळा ताण कोपऱ्यात गोळा होतो, त्यामुळं सपाट बुडाचं भांडं चुलीवर फार टिकत नाही. थापीला माती चिकटू नये म्हणून चाळलेली राख भुरभुरावी. ठोकताना भिंतीला केसासारख्या चिरा दिसल्या तर भांडं जास्त सुकलंय. ओल्या तरटात तासभर गुंडाळून मग पुढं चालू करावं.

कान, तोटी, मूठ जोडताना दोन्ही भाग सारखेच ओले हवेत. दोन्ही बाजू खरवडून त्याच मातीची रबडी लावावी, दाबून बसवावं आणि सांधा एक दिवस झाकून ठेवावा.

काव आणि घोट

लाकडाच्या भट्टीतलं भांडं खुलतं ते काव (तांबडी रंगमाती) आणि घोट (दगडानं घासून आणलेली चकाकी) यांनी. चकाकीचं काचलेपन वेगळा विषय आहे. त्याला भांडी जाळापासून झाकून ठेवायला पेट्या लागतात. खाण्यापिण्याच्या भांड्याला शिसं असलेला लेप कधीही लावू नये, कारण आंबट पदार्थात शिसं उतरतं.

बाजारातून काव आणली तर आधी चिमूटभर खापरीवर ठेवून चुलीच्या निखाऱ्यात लाल होईपर्यंत तापवावी. खरी काव तांबडीच राहते. रंग दिलेली खडूची भुकटी असेल तर पांढरी पडते.

काव नुसती पाण्यात कालवून लावली तर हाताला लागत राहते, म्हणून तिच्यात माती हवी. सोपं माप असं: काव १ भाग, खानापुरी तांबडी माती गाळून-वाळवून २ भाग, दोन्ही वजनानं. पाणी घालून १०० नंबरच्या जाळीतून गाळावं. बोट बुडवून काढल्यावर बोटावर रंगाचा थर राहावा, पण त्याखालून नखाची कड दिसावी. याहून दाट नको.

जास्त तकाकी हवी असेल तर मातीचा अतिबारीक अंश निथळून घ्यावा. १ किलो सुकी तांबडी माती, अडीच लिटर पावसाचं किंवा मऊ पाणी आणि ५ ग्रॅम सोडियम सिलिकेट एकत्र ढवळून काचेच्या उभट भांड्यात ठेवावं. वीस ते चोवीस तास धक्का लावू नये. खाली जाड गाळ बसतो, वर पाणी आणि मध्ये तांबूस दुधी थर राहतो. रबरी नळीनं हा मधला थर तेवढा ओढून घ्यायचा, खालचा गाळ टाकायचा. हा पातळ थर ब्रशनं तीन-चार हात द्यावा. एक हात सुकून त्याची ओली चमक गेल्यावरच दुसरा द्यावा.

लेप लावायची वेळ चुकली तर पुढचं सगळं वाया जातं. भांडं चामड्यासारखं घट्ट झालेलं असावं: नख दाबलं तर खूण उठते, पण बोटानं आकार बदलत नाही. पार सुकलेल्या भांड्यावर लेप दिला तर भांडं आधीच आटून गेलेलं असतं आणि लेप एकटाच आटतो, त्यामुळं खपल्या निघतात.

घोटण्यासाठी मलप्रभेच्या किंवा घटप्रभेच्या पात्रातली, कुठंही खरखर नसलेली गुळगुळीत गारगोटी निवडावी. अंगठ्याच्या पेराएवढी, एका बाजूला किंचित फुगीर असली की हातात बसते. लेपाची ओली चमक जाऊन तो मंद दिसायला लागला की सुरुवात करायची. दगड हलका दाबून आखूड, एकाच दिशेचे हात मारायचे. नीट वेळ साधली असेल तर दगडामागं गडद, चकचकीत पट्टा उमटतो आणि आवाज येत नाही. दगडाला माती चिकटून ओरखडे पडत असतील तर भांडं अजून ओलं आहे. करकर आवाज येऊन पांढुरकी भुकटी सुटत असेल तर उशीर झाला. पहिला हात आडवा, काही तासांनी दुसरा उभा आणि भांडं जवळजवळ सुकल्यावर बोटावर शेंगतेलाचा एकच थेंब घेऊन शेवटचा हात. तेल जळून जातं, पण दगड सरकायला मदत करतं. तेल जास्त झालं तर डाग उमटतात.

घोटलेली चमक ९५० अंशांच्या पुढं मंदावत जाते. म्हणून अशी भांडी जळणाच्या तोंडाशी कधी ठेवू नयेत. माठाला बाहेरून घोट देऊच नये, छिद्रं बुजतात. फार तर गळ्याला द्यावा. स्वयंपाकाच्या भांड्याला आतून घोट द्यावा, बूड बाहेरून खडबडीतच ठेवावं.

सुकवणं

जून ते सप्टेंबर खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं हवेतच एवढी ओल असते की आठवडाभर ठेवूनही भांडं आतून सुकत नाही. पावसाळ्यात घडवायचं काम चालू ठेवता येतं, भट्टी मात्र दसऱ्यानंतरच लावलेली बरी. दिवाळीच्या पणत्या हव्या असतील तर घटस्थापनेच्या सुमारास मिळेल त्या उघडिपीत पहिली भट्टी लागायला हवी. संक्रांतीची सुगडं नोव्हेंबर-डिसेंबरात, माठ जानेवारी ते मार्चमध्ये. उन्हाळ्यात दोष उलटा होतो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात काठ तासाभरात वाळतो आणि बूड ओलंच राहतं. मग काठापासून खाली उभी चीर जाते.

पहिले दोन दिवस भांडी सावलीत, ओलसर तरट किंवा प्लास्टिक सैल टाकून ठेवावीत. काठ घट्ट झाला की पालथी घालून बुडाला वारा द्यावा. चार-पाच दिवसांनी झाकण काढावं आणि शेवटचा एक-दीड दिवस उन्हात ठेवावं. सुकलं का हे पाहायला भांडं गालाला लावतात; गार लागलं तर ओल आहे. वजनकाटा असेल तर त्याहून खात्रीचं: सकाळी आणि संध्याकाळी वजन करावं, दोन दिवस ग्रॅमाचाही फरक पडला नाही तर भांडं भरायला तयार.

भट्टी

नुसत्या उघड्या आव्यातही भांडी भाजतात. जमिनीवर राखेचा थर, त्यावर वीतभर शेणी, मग काटक्या, भांडी, पुन्हा शेणी, वरून पिंजर आणि त्यावर राख-मातीचं लिंपण. यात ताव साधारण ७०० ते ८०० अंशांपर्यंत जातो, पण दोन-तीन तासांतच चढतो आणि हातात काहीच राहत नाही. पणत्या, लहान मडकी यांना तो पुरतो. चुरा जास्त घातलेली माती मात्र हवी. घोटलेल्या किंवा मोठ्या भांड्यांसाठी खालून जाळ देणारी गोल भट्टी बांधावी.

आतून १ मीटर व्यासाची भट्टी एका कुटुंबाला पुरते. आधी पाणी न साचणारी जागा बघून ५० सेंटीमीटर उंचीचा गोल जाळकप्पा २३ सेंटीमीटर जाडीच्या विटांच्या भिंतीनं बांधावा आणि वरच्या बाजूला आतून ५ सेंटीमीटरची ओटी सोडावी. आत जळणाच्या तोंडापासून मागच्या भिंतीपर्यंत ११ सेंटीमीटर जाडीच्या तीन समांतर भिंती उभ्या कराव्यात. चार गाळे प्रत्येकी साधारण १७ सेंटीमीटरचे होतात. पुढची १५ सेंटीमीटर जागा मोकळी ठेवावी, म्हणजे जाळ चारही गाळ्यांत पसरतो. या भिंतींवर पक्क्या विटा आडव्या, दोन विटांत ४ ते ५ सेंटीमीटर फट सोडून मांडाव्यात. ही झाली भांड्यांची जमीन. त्यावर १ मीटर उंच गोल भिंत, वरून उघडी.

तोंडाला जोडून बाहेर ४५ सेंटीमीटर रुंद, ४५ उंच आणि ६० लांब असा जळणाचा बोगदा काढावा. त्यात जमिनीपासून १५ सेंटीमीटरवर २० मिलिमीटरच्या सळ्यांची जाळी टाकावी आणि खालून हवेला वाट ठेवावी. लाकडाला हवा खालून मिळाली तरच ते पूर्ण जळतं, नाही तर नुसता धूर होतो. सगळ्या कामाला सुमारे ८०० विटा लागतात. सांध्यांना सिमेंट वापरू नये. ते तावात भुगा होतं. चाळलेली माती आणि वाळू सारख्या भागानं कालवून तोच गारा वापरावा. भट्टी तापली की भिंत फुगून चिरते, म्हणून बाहेरून दोन ठिकाणी जाड तारेचे किंवा लोखंडी पट्टीचे वेढे द्यावेत. भिंतीत अर्ध्या उंचीवर विटेएवढं एक डोकावायचं भोक ठेवून त्याला सैल वीट लावावी. वर अडीच-तीन मीटर उंचीवर पत्र्याचं छप्पर हवंच. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव कधी येईल सांगता येत नाही आणि तापल्या भट्टीवर पाणी पडलं तर आतलं एकही भांडं धड राहत नाही. नवी भट्टी आधी रिकामीच दोन वेळा हळूहळू तापवून भिंतीतली ओल काढावी.

जळण

पहिली अट कोरडेपणाची. ओल्या लाकडाची बरीच ताकद स्वतःचं पाणी उडवण्यातच जाते. फोडून, छपराखाली सहा महिने रचून ठेवलेलं लाकूड वापरावं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज यावा. सुबाभूळ, बाभूळ, निलगिरी, सुरू आणि सॉमिलमधले बाक (ओंडक्याच्या कडेच्या फळ्या) चालतात. सुरुवातीला जाड ओंडके, शेवटच्या टप्प्यात दोन बोटं जाडीच्या ढलप्या; बारीक ढलपीची ज्योत लांब निघते आणि वरपर्यंत पोचते. वर सांगितलेल्या भट्टीला अडीच ते तीन क्विंटल जळण हाताशी ठेवावं. जंगलातलं लाकूड परवान्याशिवाय उचलू नये. रंग दिलेलं लाकूड आणि प्लायवूड जाळू नये. काजूची टरफलं खानापूर-चंदगड भागात स्वस्त मिळतात, पण त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि कातडीला जाळतो, ती टाळावीत. उसाचं पाचट भगकन पेटून विझतं, ते फक्त पेटवणीला.

भरणं

काचलेपन नसलेली भांडी एकमेकांना टेकली तरी चिकटत नाहीत. जड, जाड चुऱ्याची आणि सर्वांत चांगली सुकलेली भांडी खाली. स्वयंपाकाची आणि घोटलेली मध्ये. पणत्या आणि लहान सुगडं फटींत आणि वर. माठ पालथे किंवा आडवे, तोंड जाळाकडं नको. विटांच्या फटी झाकायच्या नाहीत आणि भिंतीपासून दोन बोटं जागा सोडायची. गच्च भरलेल्या भट्टीत जाळ एकाच बाजूनं वाट काढतो. डोकावायच्या भोकासमोर त्याच मातीच्या पाच-सहा कड्या ठेवाव्यात, सळीच्या आकड्यानं ओढता येतील अशा. सगळ्यात वर फुटक्या खापरांचे आणि कौलांचे दोन-तीन थर, मध्ये धुराला वाट राहील असे.

जाळ

सकाळी सातच्या सुमारास सुरू करावं, म्हणजे शेवटचा टप्पा अंधार पडताना येतो आणि तावाचा रंग नीट दिसतो.

पहिले चार तास धुरी. लाकूड बोगद्याच्या तोंडाशी, बाहेरच्या बाजूला जाळायचं. आत फक्त गरम हवा जावी. भट्टीच्या वरच्या खापरांवर मिनिटभर गार लोखंडी पत्रा धरावा. पत्र्यावर दव आलं तर भांड्यांतून पाणी निघतंच आहे. तोवर पुढं जायचं नाही. घाई करून जितकी भांडी फुटतात ती याच टप्प्यात, दबक्या फटाक्यासारख्या आवाजानं.

पत्रा कोरडा निघू लागला की जाळ हळूहळू आत घ्यायचा आणि पुढच्या पाच तासांत ६०० अंशांपर्यंत न्यायचं, म्हणजे तासाला साधारण १०० अंश. के प्रकारचा थर्मोकपल (ताव मोजणारी तार) आणि आकडे दाखवणारा मीटर घेतला तर अंदाजावर राहावं लागत नाही. या काळात भांडी काजळीनं काळीकुट्ट दिसतात; घाबरायचं कारण नाही. ४५० ते ६०० च्या दरम्यान मातीत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी सुटतं आणि ५७३ अंशांना गारगोटीच्या कणांचा आकार एकदम बदलतो. इथं उडी नको. अंधारात जेमतेम कळेल असा पहिला तांबूस रंग ५२५ ते ६०० च्या दरम्यान दिसतो आणि ७०० च्या सुमारास काजळी जळून भांडी पुन्हा उजळ होतात. ती पूर्ण उजळेपर्यंत हवेची वाट मोकळी ठेवून अर्धा तास तरी रेंगाळावं. नाही तर मातीतला कोळसा आतच अडकतो.

पुढचे तीन तास थोडं-थोडं आणि सतत. झोळ टाकली की काळा धूर येतो. तीन-चार मिनिटांत धूर निवळून ज्योत स्वच्छ झाली की पुढची. धूर निवळण्याआधी टाकत राहिलं तर ताव वाढत नाही, उतरतो. निखारे सळ्यांवर साचले तर हवा कोंडते, ते खाली पाडत राहावं. गडद चेरीचा रंग म्हणजे ७५०, उजळ चेरी ८५०, नारिंगीकडं झुकला की ९०० च्या पुढं. वरच्या थराला ८८० ते ९०० आल्यावर पाऊण तास तोच ताव धरावा, तेवढ्यात तळाचा आणि वरचा फरक कमी होतो. एक कडी ओढून राखेत गार करून मोडावी. आतून बाहेरून एकच तांबडा रंग असेल तर बास. मधोमध काळी रेघ असेल तर आणखी वीस मिनिटं, भरपूर हवा देऊन.

मग बोगद्याचं तोंड आणि हवेची वाट विटा-चिखलानं बंद करायची, वरच्या फटी राखेनं झाकायच्या आणि निदान चोवीस तास हात लावायचा नाही. उतरतानाही ५७३ अंशांची तीच वेळ पुन्हा येते. संध्याकाळी बंद केलेली भट्टी तिसऱ्या दिवशी सकाळी उघडावी.

काळी भांडी हवी असतील तर ताव ७५० पर्यंत उतरू देऊन वरून भाताचा तूस किंवा भुसा भरपूर ओतावा आणि तत्काळ सगळ्या फटी लिंपाव्यात. एक फट राहिली तरी तेवढ्या जागी तांबडा पट्टा येतो.

खापर काय सांगतं

फुटलेलं भांडं फेकण्याआधी त्याची कड पाहावी. पसरट, भिंगाच्या आकाराचे तुकडे उडाले असतील तर ओल होती. चीर रुंद उघडली असेल आणि तिच्या आत लेपाचा रंग गेला असेल, तर ती सुकतानाच पडली होती. चीर केसासारखी, कड धारदार आणि आतला रंग ताजा असेल तर भट्टी लवकर उघडली गेली. बूड वाकलं, फुगले-फोड आले तर ते भांडं तोंडाच्या फार जवळ होतं. फिकट रंग, टिचकीला बद्द आवाज आणि पाण्यात घासल्यावर माती सुटणं म्हणजे कच्चं. अशी भांडी पुढच्या भट्टीत पुन्हा लावता येतात. चुन्याची शंका असेल तर भांडी हाताला कोमट असतानाच पाण्यात पूर्ण बुडवून दिवसभर ठेवावीत. चुना लगेच विझतो आणि टवके पुष्कळदा टळतात. एका बाजूचे काळपट जाळाचे डाग हा दोष नव्हे, पण एकसारख्या रंगाची मागणी असेल तर गिऱ्हाईकाला आधीच सांगावं.

विकण्याआधी

माठाचं कोरडं वजन करावं, चोवीस तास बुडवून पुसून पुन्हा करावं. ३ किलोचा माठ ३ किलो ४०० ग्रॅम भरला तर त्यानं १३ टक्क्यांहून थोडं जास्त पाणी शोषलं. १२ ते १६ टक्के माठाला योग्य. ८ च्या खाली गेलेला माठ पाझरत नाही, म्हणून गारही करत नाही. त्यात पाण्याऐवजी मीठ-चिंच साठवावी. प्रत्येक माठ रात्रभर कोरड्या फरशीवर पाणी भरून ठेवावा. बाहेरून ओल यावी, खाली थारोळं साचता कामा नये.

स्वयंपाकाचं भांडं चोवीस तास पाण्यात ठेवून, सुकवून, त्यात तांदळाची दाट पेज मंद आचेवर तासभर उकळावी आणि तशीच भांड्यात गार होऊ द्यावी. पेजेतला स्टार्च छिद्रांत बसतो आणि झिरपणं थांबतं. गिऱ्हाईकाला तीन गोष्टी सांगाव्यात: रिकामं भांडं आचेवर ठेवायचं नाही, गॅस सुरुवातीला बारीक ठेवायचा आणि तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतायचं नाही. साबणही नको, तो छिद्रांत शिरतो आणि पुढच्या आमटीला त्याचा वास येतो. राख किंवा तांदळाचं पीठ लावून काथ्यानं घासावं.